फ्रँक राज्यातले बिशप: धर्मगुरू की झगा घातलेले सरदार?

रिकामा_वाचक

सध्या तूरच्या ग्रेगरीचा दहा भागांचा इतिहास वाचतोय, अर्थात इंग्रजी भाषांतरातून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य मोडलं, गॉलवर (आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि ऱ्हाईनकाठचा काही जर्मनी) फ्रँक लोकांचं राज्य आलं. त्यांच्या क्लोविस राजाला रँसच्या बिशप रेमिगियसने बाप्तिस्मा दिला. पुढे क्लोविसच्या नातवंडांनी राज्य वाटून घेतलं आणि आयुष्यभर एकमेकांच्या मुळावर उठले. ग्रेगरी ५७३ ते ५९४ या काळात तूरचा बिशप होता, त्यामुळे हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं आहे.

वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. यातले बिशप (म्हणजे शहराच्या चर्चचे प्रमुख) धर्मगुरू वाटतच नाहीत. जमिनीसाठी भांडतात, राजांच्या कटात सामील होतात. एम्ब्रूनचा सालोनियस आणि गापचा सगिटारियस हे दोघे सख्खे भाऊ, दोघेही बिशप, आणि लोम्बार्ड लोकांशी लढाई झाली तेव्हा चिलखत-शिरस्त्राण चढवून रणात उतरले! एकदा पदावरून काढले, पोपकडे जाऊन परत आले, मग ५७९ साली पुन्हा काढले.

माझं मत: बिशपपद ही सरदार घराण्यांची आणखी एक जहागीर होती, बाकी सगळा देखावा. पटतंय का?

तिरकस

'तूरचा बिशप' वाचून आधी डाळीचे भाव आठवले. असो, चालू द्या.

कृष्णाकाठ

निम्मं पटतं. जहागीर म्हटलं की राजाने दिली आणि राजाने काढली असं चित्र डोळ्यापुढे येतं. तसं असतं तर सरदारांना त्याचं एवढं आकर्षण वाटलं नसतं.

त्या काळात शहरात साधारण दोन मोठे लोक असत. एक काउंट, म्हणजे महसूल, न्याय आणि फौज बघणारा अधिकारी. दुसरा बिशप. काउंटची नेमणूक राजाच्या मर्जीवर. राजा मेला, शहर दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेलं किंवा कुणी जास्त पैसे मोजले की काउंट घरी. बिशप मात्र मरेपर्यंत बिशप. त्याला हटवायचं तर इतर बिशपांची परिषद भरवून आरोप सिद्ध करावे लागत. राजे तेही करत, पण कटकट मोठी होती. ज्या काळात कुठल्याच सत्तेचा भरवसा नव्हता, त्या काळात तहहयात पद म्हणजे सोनं.

ग्रेगरीचं स्वतःचं घराणंच बघा. पणजोबा आधी ओतँचा काउंट होता, चाळीस वर्षं. बायको वारल्यावर लाँग्रचा बिशप झाला आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा तेत्रिकुस त्याच गादीवर. ग्रेगरीचा काका गाल्लुस क्लेरमाँचा बिशप, आजीकडचा निकेतियस लियाँचा बिशप. तूरच्या गादीवर ग्रेगरीच्या आधी बसलेला युफ्रोनियस त्याच्या आईचा चुलतभाऊ. ग्रेगरी स्वतः अभिमानाने लिहितो की तूरच्या आजवरच्या बिशपांपैकी पाच सोडले तर बाकी सगळे आमच्याच नात्यातले.

मौज म्हणजे युफ्रोनियसची निवड झाली तेव्हा क्लोतार राजा (क्लोविसचा मुलगा) आधी रागावला होता, कारण त्याने दुसऱ्याचं नाव सुचवलं होतं. पण हा लाँग्रच्या ग्रेगरीच्या नात्यातला आहे असं कळल्यावर राजा म्हणाला, हे तर मोठं आणि पहिल्या प्रतीचं घराणं, होऊ द्या.

मीनल_प

काका-पुतण्या! महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. :)

रिकामा_वाचक

@कृष्णाकाठ, हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी सत्ता हवी होती, ती चर्चमधून मिळाली.

कोपऱ्यातला

देखावा वगैरे काही नाही, सरळसरळ दरोडा. क्लेरमाँचा बिशप कोतिनुस विसरलात का? अनास्तासियस नावाच्या एका पाद्र्याकडे क्लोविसची राणी क्लोथिल्ड हिने दिलेली जमीन होती. बिशपला ती हवी होती. गोडीने मागितली, धमकावून मागितली, पाद्री सनद देईना. मग बिशपने काय केलं? पाद्र्याला तळघरात नेऊन एका जुन्या संगमरवरी शवपेटीत जिवंत कोंडलं. आत आधीचं प्रेत होतंच. वर झाकण. पहारेकरी दारू पिऊन झोपले तेव्हा पाद्र्याने कसंबसं झाकण सरकवलं, बाहेर पडला आणि सनद घेऊन थेट राजापुढे उभा राहिला. राजासुद्धा हादरला म्हणे.

आणि हा कोतिनुस जेवणात इतका पीत असे की चौघांना उचलून न्यावं लागे. धर्मगुरू म्हणे!

तिरकस

शवपेटीचा वास नंतर कितीतरी दिवस त्या पाद्र्याच्या नाकात होता असं ग्रेगरीने लिहिलंय. वर्णन करताना माणूस मागे हटत नाही.

शिळेवरची_रेघ

@कोपऱ्यातला, गोष्ट खरी असेल, पण सांगणारा कोण तेही बघा. ग्रेगरी स्वतः बिशप, स्वतः बड्या घराण्यातला, क्लेरमाँ त्याचं जन्मगाव. काका गाल्लुसनंतर त्या गादीवर हा कोतिनुस आला. घरच्या गादीवर बसलेल्या परक्या माणसाबद्दल कोण चांगलं लिहील?

तरीही ग्रेगरीला श्रेय द्यावं लागतं ते एका ठिकाणी. कोतिनुसचा प्रतिस्पर्धी कातो नावाचा पाद्री होता. तोही ग्रेगरीला मुळीच आवडत नाही. गर्विष्ठ, स्वतःचीच टिमकी वाजवणारा. तूरचं बिशपपद चालून आलं तर नको म्हणाला, कारण डोळा क्लेरमाँवर. पण ५७१ साली तिथे प्लेग आला तेव्हा बिशप कोतिनुस गावोगाव पळत राहिला आणि हा कातो गावातच थांबला. मेलेल्यांना पुरत राहिला, प्रार्थना म्हणत राहिला आणि त्यातच गेला. एका रविवारी एकट्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये तीनशे प्रेतं मोजली गेली. ग्रेगरी हे सगळं लिहितो, न आवडणाऱ्या माणसाबद्दल लिहितो. कोतिनुसही शेवटी परत आला आणि त्याच साथीत मेला.

म्हणून 'सगळे दरोडेखोर' हे काही मला पटत नाही.

मोझेलकाठी

मी जर्मनीत ट्रियरपासून जवळच राहते, त्यामुळे इथल्या बिशपबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तोही निकेतियसच, पण वर कृष्णाकाठ म्हणाले तो लियाँचा, हा ट्रियरचा.

फोर्तुनातुस नावाच्या कवीने या निकेतियसच्या मोझेल नदीवरच्या किल्ल्यावर कविता केली आहे. हो, बिशपचा किल्ला. तटाला तीस बुरूज, शत्रूवर दगड फेकणारं यंत्र, खाली पाणचक्की, उतारावर द्राक्षमळे, आणि आत एक प्रार्थनास्थळ. वाचून वाटतं हा तर पक्का गढीवाला सरदार.

आणि याच माणसाची दुसरी गोष्ट ग्रेगरीने सांगितली आहे. बिशप म्हणून अभिषेक व्हायचा होता, त्यासाठी राजाचे सरदार त्याला ट्रियरला घेऊन येत होते. संध्याकाळी मुक्काम पडला. सरदारांनी घोडे सोडून दिले ते थेट गरिबांच्या उभ्या पिकात. निकेतियस म्हणाला, घोडे बाहेर काढा, नाहीतर तुम्हाला बहिष्कृत करीन. सरदार हसले: अजून बिशप झाला नाहीस आणि बहिष्काराच्या गोष्टी करतोस? तेव्हा याने स्वतः धावत जाऊन घोडे शेताबाहेर हाकलले. पुढे क्लोतार राजालाही बहिष्कृत केलं आणि त्यापायी हद्दपारी भोगली.

किल्ला बांधणारा आणि पिकातून घोडे हाकलणारा माणूस एकच. मला यात विसंगती वाटत नाही. घोडे हाकलायची हिंमत होते, कारण पाठीशी घराणं आहे, माणसं आहेत, किल्ला आहे. साध्या कुळातल्या पाद्र्याला त्या सरदारांनी तिथेच तुडवलं असतं.

मीनल_प

मोझेलकाठी, सुंदर प्रतिसाद! तो किल्ला अजून आहे का?

मोझेलकाठी

तसं दाखवण्यासारखं काही उभं नाही. रोमन काळातला पोर्ता निग्रा दरवाजा मात्र ट्रियरमध्ये अजून भक्कम आहे. इकडे आलात तर कळवा.

वसईचा_मी

एक शंका. आमच्याकडे बिशप पोप नेमतात, लहानपणापासून तेच पाहिलंय. तेव्हा कोण नेमायचं?

कृष्णाकाठ

कागदावर: त्या शहरातले पाद्री आणि लोक निवडणार, प्रांतातले इतर बिशप अभिषेक करणार. ५४९ च्या ओर्लियाँ परिषदेने त्यात राजाची संमतीही अधिकृतपणे घातली. प्रत्यक्षात कित्येकदा राजा दरबारातला माणूस पाठवायचा आणि गावाने मान डोलवायची. पैसे देऊन पद घेण्याचा प्रकार इतका बोकाळला होता की पोप ग्रेगरी (हा रोमचा, वेगळा) फ्रँकांच्या ब्रुनहिल्ड राणीला पत्रांवर पत्रं लिहून 'हे थांबवा' म्हणून विनवत होता. पोपच्या हातात विनवण्यापलीकडे फारसं नव्हतं.

वसईचा_मी

म्हणजे गोव्यासारखंच की. पोर्तुगीज काळात गोव्याचा बिशप कोण असावा हे सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, पदरोआदो म्हणतात त्याला. नंतर रोमने थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही बाजूंनी किती भांडणं झाली त्याच्या गोष्टी आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात.

कोपऱ्यातला

विषयांतर होतंय, पण मस्त होतंय.

रिकामा_वाचक

कोपऱ्यातल्याला दारूगोळा म्हणून नाही, पण काल वाचलेलं देतो. खिल्पेरिक राजा (क्लोविसच्या त्या नातवांपैकी एक; ग्रेगरी त्याला आपल्या काळातला नीरो आणि हेरोद म्हणतो) तक्रार करायचा: आमचा खजिना रिकामा, आमची संपत्ती चर्चकडे गेली, राज्य करतात ते फक्त बिशप, आमचा मान गेला आणि तो शहरांच्या बिशपांकडे गेला. चर्चच्या नावाने केलेली मृत्युपत्रं तो रद्द करायचा.

ग्रेगरी हे राजाचं पाप म्हणून सांगतो. मला मात्र राजाचं म्हणणं बऱ्यापैकी खरं वाटलं!

शिळेवरची_रेघ

खरं असेलही. पण तूरचे लोक राजाच्या बाजूने नसते उभे राहिले. ५८९ साली पुढच्या खिल्देबर्त राजाचे कर बसवणारे अधिकारी तूरला आले. ग्रेगरीने त्यांना अडवलं: तूरचा संत मार्टिन याच्या धाकाने याआधीच्या राजांनी या गावावर कर बसवलेला नाही, तुम्ही काढलेली यादी कुठल्या वैऱ्याने दिली ते मला ठाऊक आहे. प्रकरण राजापर्यंत गेलं आणि तूरला करमाफीचं पत्र आलं. आता यात बिशपचा स्वार्थ किती आणि गावाचा फायदा किती, हे वेगळं काढून दाखवा.

अनुराधा_ज

तुम्ही सगळे पुरुषांबद्दलच बोलताय म्हणून जरा वेगळं. पॉइतिएमध्ये राणी राडेगुंडने काढलेल्या मठात ५८९ साली बंड झालं. पुढारी कोण, तर दोन राजघराण्यातल्या जोगिणी, क्रोडिएल्ड आणि बसिना. तक्रार अशी की आम्ही राजकन्या असून मठाधिकारिणी आम्हाला हलक्या दासींसारखं वागवते. चाळीसेक जोगिणी घेऊन पायी तूरला निघाल्या. नंतर सेंट हिलरीच्या चर्चमध्ये ठाण मांडलं, सोबत चोर-गुंड जमवले, आणि समजूत घालायला आलेल्या बिशपांना त्या गुंडांनी चर्चमध्येच धोपटलं. मठाधिकारिणीला पळवूनही नेलं.

बिशप सरदारांच्या घरचे होते हे ठीक. पण समोर राजाची मुलगी उभी राहिली की बिशपचा झगा कितीसा चालायचा तेही दिसलं.

तिरकस

बिशपांना चोप देणाऱ्या राजकन्या! यावर वेब सिरीज अजून कशी आली नाही?

वकीलसाहेब

उशिरा येतोय. एका बिशपचं मोल किती, याचा आकडा कायद्यात मिळतो. जर्मानिक कायद्यांत माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची, आणि रक्कम मेलेल्याच्या दर्जावर. सातव्या शतकातल्या रिपुआरी फ्रँक लोकांच्या कायद्यात स्वतंत्र फ्रँक माणूस २०० सॉलिडस (सोन्याची नाणी), रोमन माणूस १००, काउंट ६००, पाद्री ६००, आणि बिशप ९००. म्हणजे बिशप काउंटच्या दीडपट!

तिकडे इंग्लंडात केंटच्या एथेलबर्टच्या कायद्यात (सुमारे ६००) आणखी गंमत आहे. राजाकडची चोरी केली तर नऊपट भरा. बिशपकडची केली तर अकरापट. देवाची आणि चर्चची असेल तर बारापट.

कोपऱ्यातला

कायदा लिहिताना शेजारी कोण बसलं होतं ते कळलं.

वकीलसाहेब

:) अगदी. पण भरपाईचा आकडा मोठा असला तरी वसूल कोण करणार? रुआँचा बिशप प्रेतेक्स्तातुस ५८६ साली चर्चमध्ये उपासना चालू असताना भोसकला गेला. त्याने खिल्पेरिकची राणी फ्रेडेगुंड हिचा सावत्र मुलगा मेरोवेख याचं लग्न तिची वैरीण ब्रुनहिल्ड हिच्याशी लावलं होतं, त्यासाठी आधी हद्दपारही झाला होता. मारेकरी राणीचाच, असं ग्रेगरी सरळ लिहितो. मरणाच्या दारातल्या बिशपला बघायला राणी स्वतः आली, वैद्य पाठवू का विचारायला! राणीकडून भरपाई कोण घेणार होतं?

शिळेवरची_रेघ

जन्माच्या दर्जाबद्दल दोन माणसं आठवतात. तूरचा काउंट ल्युडास्ट. गुलामाच्या पोटी जन्मलेला, पळून गेला म्हणून कान कापलेला, आणि तिथून वर चढत काउंट झाला. त्याने ग्रेगरीवर ५८० साली फ्रेडेगुंड राणीची बदनामी केल्याचा खटला भरवला. ग्रेगरी शपथ घेऊन सुटला. ग्रेगरीने ल्युडास्टबद्दल लिहिलेलं वाचताना त्याच्या गुन्ह्यांपेक्षा त्याच्या जन्माचाच राग जास्त दिसतो.

दुसरा एब्बो, अडीचशे वर्षांनंतरचा. शेतावर राबणाऱ्या कुळातला, पण फ्रँक सम्राट लुई द पायसचा दूधभाऊ. लुईने त्याला रँसचा आर्चबिशप केलं. ८३३ मध्ये लुईच्या मुलांनी बंड केलं तेव्हा हाच एब्बो सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त करायला लावण्यात पुढे. लुई परत आल्यावर ८३५ साली पद गेलं. थेगान नावाच्या इतिहासकाराने त्याला काय सुनावलं माहितेय? सम्राटाने तुला स्वतंत्र केलं, सरदार केलं नाही, कारण ते शक्यच नाही. थेगान स्वतः पाद्री आणि थोर कुळातला.

तेव्हा धागाकर्त्याच्या मुद्द्यात तथ्य आहेच. चर्चमध्ये सगळे देवाची लेकरं, पण वरच्या खुर्चीत खालचा माणूस बसला की वरच्यांच्या पोटात दुखायचं.

बारा_बलुती

मग कधीतरी सुधारणा झाली असेल ना? की शेवटपर्यंत हेच?

कृष्णाकाठ

सुधारायच्या आधी बिघडलं. आठव्या शतकात फ्रँक राज्याचा खरा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याने चर्चची पदं समर्थकांना वाटली. त्याचा पुतण्या ह्युगो एकाच वेळी रुआँ, पॅरिस आणि बायो इथला बिशप, वर दोन मोठ्या मठांचा प्रमुख. मिलो नावाचा एक जण ट्रियर आणि रँस दोन्हीकडे. परंपरा सांगते की तो शिकारीत रानडुकराने मारला. माइंझचा बिशप गेरोल्ड सॅक्सन लोकांशी लढताना पडला, त्याचा मुलगा गेविलिब त्याच गादीवर आला आणि त्याने बापाला मारणाऱ्याला ठार करून सूड उगवला. म्हणजे बिशपचा मुलगा बिशप आणि तोही खुनी.

याच लोकांविरुद्ध बोनिफास उभा राहिला. इंग्लंडातून आलेला मिशनरी. ७४२ साली पोपला लिहिलेल्या पत्रात तो रडतो: बिशपांत कुणी दारुडे, कुणी शिकारी, कुणी हत्यार घेऊन फौजेत लढतात. त्यानंतरच्या परिषदेत पाद्र्यांना शस्त्र आणि कुत्री-ससाणे घेऊन शिकार दोन्ही मना केलं. गेविलिबची खुर्ची ७४५ ला गेली. शिकारबंदी किती पाळली गेली हे विचारू नका.

मीनल_प

आणि पुतण्या परत आलाच!

मोझेलकाठी

@रिकामा_वाचक, मूळ प्रश्नाकडे येते, कारण पानं भरत चालली तसा तो मागे पडला. 'जहागीर' म्हणावं की नाही, याचं उत्तर ग्रेगरीच्या आठव्या भागात एका बाईच्या तोंडी सापडलं.

ल माँचा बिशप बादेगिसिल. आधी राजवाड्याचा कारभारी, ५८१ साली थेट बिशप. रागीट, लोकांच्या जमिनी लुबाडणारा. कुणी टोकलं तर म्हणायचा, मी पाद्री झालो म्हणून काय माझ्यावरच्या अन्यायाचा सूड घेऊ नये? ५८६ ला वारला. त्याच्या काळात चर्चला लोकांनी दिलेल्या वस्तू त्याची बायको मग्नात्रूड घेऊन बसली. नवा बिशप बर्ट्रामने परत मागितल्या, तर म्हणाली, ही माझ्या नवऱ्याच्या चाकरीची कमाई आहे.

तिच्या दृष्टीने बिशपपद ही नवऱ्याची नोकरी, मिळालं ते घरचं. रिकामा_वाचक, तुमचं म्हणणं नेमकं हेच ना? पण पुढचं वाक्य महत्त्वाचं: मनाविरुद्ध का होईना, तिला ते सगळं परत द्यावं लागलं. मिळकत चर्चची, माणसाची नाही, हा नियम तेव्हा कागदावरच नव्हता, चालतही होता. नेहमी नाही, पण चालत होता.

रिकामा_वाचक

हे वाचायचं राहिलंय, सातव्या भागात अडकलोय. पण बाईंनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली!

कृष्णाकाठ

आणि तो बर्ट्राम कोण माहितेय का? त्याचं ६१६ सालचं मृत्युपत्र उपलब्ध आहे. गॉलभर पसरलेल्या मिळकतींची इतकी लांब यादी की त्या काळातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत त्याची गणना होते. बरंचसं चर्चला दिलं, काही नातेवाइकांना.

कोपऱ्यातला

पुतण्यांना किती ते बघून सांगा.

कृष्णाकाठ

पुतणे आहेत यादीत.

मीनल_प

😂😂

बारा_बलुती

वाचनखूण साठवली. बोनिफासवर वेगळा धागा काढा ना कुणीतरी.